काकींचे मार्क

आमच्याकडं पलटणीतून उतरलेल्या प्रत्येक माणसाला मेजर म्हणतात. शिपाई म्हणून उतरला तरी मेजर आणि स्वयंपाकी म्हणून उतरला तरी मेजर. मी सुभेदार म्हणून उतरलो, पण सांगलीत भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा मेजरच आहे. सुरुवातीला मी दुरुस्त करत बसायचो, मग सोडून दिलं. लोकांचं एकदा काय म्हणायचं ते ठरलं की ब्रह्मदेव खाली आला तरी बदलत नाही.

पलटणीत एक रीत होती, तिनं माझं वाटोळं केलं. जवानांचं जे स्वयंपाकघर असतं त्याला लंगर म्हणतात. लंगरातलं जेवण जवानांच्या ताटात पडायच्या आधी ड्यूटीवरच्या माणसानं ते चाखायचं. उभ्याउभ्याच, प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर, आणि कसं झालंय ते आचाऱ्याच्या तोंडावर सांगायचं. त्यात भीड ठेवायची नाही, कारण मागं शेकडो भुकेली पोरं उभी असतात. हे काम माझ्याकडं फार वेळा आलं, आणि माझ्या जिभेला तपासणीची सवय लागली ती लागलीच. पुढं लग्नाच्या पंगतीत बसलो तरी पहिला घास घेऊन मी "आमटीला उकळी कमी पडली" असं मोठ्यानं म्हणायचो. बायको शेजारच्या पाटावरून कोपरानं ढोसायची. "आवं, लग्न हाय. तुमची परेड न्हवं."

निवृत्त होऊन आम्ही कुंडलहून सांगलीत आलो. विश्रामबागच्या मागं एका कॉलनीत छोटं घर बांधलं. ऊस भाऊ बघत होता, मला काही काम उरलं नाही. तेव्हाच रस्त्याकडेला खाण्याच्या गाड्यांचं पीक आलं होतं. आधी नुसते हातगाडे होते. मग कुणी जुना टेम्पो कापून त्याला खिडकी पाडली, कुणी चार चाकांवर पत्र्याची खोली बसवून तिला दिव्यांच्या माळा लावल्या आणि फूड ट्रेलर म्हणून पाटी रंगवली. शंभर फुटी रस्त्याला संध्याकाळी उभं राहिलं तर मोमो, मंच्युरियन, अंडाभुर्जी, डोसा, भेळ आणि चीज घातलेलं वाट्टेल ते एका रांगेत दिसायचं. मी रोज संध्याकाळी एक गाडा तपासायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. पण माणसाला ड्यूटी लागते.

माझी पद्धत ठरलेली होती. आधी गाड्यावरचं फडकं बघायचं. फडकं काळं असेल तर तिथूनच पाठ फिरवायची. मग तेल, मग मीठ, मग मालकाचा हात. हात म्हणजे तो प्लेट ठेवतो कशी. काही माणसं प्लेट अशी आदळतात की आपण उधारीवर आलोय असं वाटावं. सगळं मिळून दहापैकी मार्क द्यायचे.

बायकोला मी पहिल्याच दिवशी म्हटलं, चल. ती कसली येते! "रस्त्यावर उभं राहून तोंड हलवायला मी काय जनावर हाय व्हय?" जन्मभर सासरी शेवटच्या पंगतीला, भिंतीकडं तोंड करून जेवलेली बाई ती. चार लोकांच्या नजरेसमोर खायचं म्हटलं की तिचा घास फिरायचा. मग मी एक प्लेट गाड्यावर खायचो आणि तेच दुसरं बांधून आणायचो. ती ते आपल्या ताटात काढून घ्यायची, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खायची आणि मग निकाल द्यायची. माझे मार्क ऐकूनच घ्यायची नाही. "तुमी आधी सांगू नका. मग माजं मन बिघडतंय."

तिचे मार्क माझ्यापेक्षा कडक असायचे. मोमो खाऊन म्हणाली, "उकडीचा मोदक करताना गूळ संपला वाटतं बिचाऱ्यांचा." दोन मार्क. एकदा साताऱ्याला मिल्ट्री कँटीनचं सामान आणायला गेलो होतो. राजवाड्यासमोर पाणीपुरी खाल्ली, ती काही बांधून आणण्यासारखी नव्हती, म्हणून पाचगणीहून आलेल्या एका गाडीवरनं स्ट्रॉबेरी आणली. तिनं एक खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आंबट हाय. उद्या हिची आमटी करते." आणि केली. ती आमटी मी कुठल्याही परीक्षेला बसवणार नाही.

यात एक गोष्ट होती, ती तेव्हा मला कळली नाही. आमच्या संसाराची निम्मीअधिक वर्षं मी सुट्टीवर घरी येणारा पाहुणा होतो. मी आलो की ती कोंबडं कापायला लावायची, धुतलेली चादर घालायची, आणि मी जायच्या आधी दोन दिवस गप्प होऊन जायची. नवरा-बायकोच्या गप्पा म्हणतात त्या आमच्यात कधी झाल्याच नव्हत्या. निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हा दोघांनाही कळेना की आता बोलायचं काय. पार्सलानं विषय दिला. तिला तीळ आवडतात, जुनं तेल तिला वासानंच कळतं, लसूण कच्चा राहिला की तिचं डोकं उठतं, हे सगळं मला माझ्याच बायकोबद्दल म्हातारपणी कळलं. तेवढं मात्र पक्कं कळलं.

मग ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. तीन-चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. स्मशानातून आल्यावर शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणं कडू घास आणला, पिठलं आणि भाकरी. पहिला घास घेतला आणि माझ्या मेल्या जिभेनं आपोआप मार्क दिले. सहा. मीठ बरोबर, पिठलं जरा पातळ. मला स्वतःचा इतका राग आला की मी ताट सरकवून उठलो. लोकांना वाटलं, मेजरना घास उतरत नाही.

त्यानंतर बरेच महिने मी गाड्यांकडं फिरकलो नाही. सकाळी कुकरला वरण-भात लावायचो, तोच रात्री गरम करायचो. एकटा माणूस स्वयंपाक करतो म्हणजे भूक मारायची सोय करतो. घरात आवाज फक्त कुकरच्या शिट्टीचा. टीव्ही लावायचो, पण त्यातली माणसं फार ओरडतात.

मुलगी परदेशात असते. रविवारी व्हिडिओवर येते. मी वाळलोय हे तिला तेवढ्याशा पडद्यावरही दिसलं. म्हणाली, "पप्पा, तुम्ही परत गाड्यांवर जा. मी फोनमध्ये करून देते. खायचं, फोटो टाकायचा, स्टार द्यायचे, दोन ओळी लिहायच्या. सगळे वाचतात."

"मी दहापैकी मार्क देतो. पाच स्टारांत माझं कसं बसायचं?"

"अर्धे करा."

तिच्या समाधानासाठी गेलो. शंभर फुटी रस्त्यावर रांगेच्या अगदी शेवटी एक नवा ट्रेलर लागला होता. माळा नाहीत, इंग्रजी पाटी नाही. आत एक पस्तिशीची बाई उभी. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, पदर खोचलेला. धपाटे, दही आणि खर्डा, एवढंच विकत होती. फडकं पांढरं होतं. मी थांबलो आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "एक इथं द्या, एक पार्सल."

म्हटलं आणि मीच दचकलो. ती तव्यावर धपाटं टाकत म्हणाली, "घरी काकी हायती व्हय?"

आता तिथं काय सांगायचं होतं ते मला माहीत होतं. माणसं विचारतात, आपण सांगतो, मग ती च्च् करतात आणि आपल्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. ती नजर मी कॉलनीत रोज खात होतो. मी म्हणालो, "व्हय."

घरी आलो. पार्सल टाकून देणार कसं? तिचं ताट काढलं, त्यात धपाटं ठेवलं आणि समोर बसलो. थोडं तोडून तोंडात घातलं. मीठ चांगलं, तिखट चांगलं, पण तीळ नावालाच. ती असती तर काय म्हणाली असती ते मला स्वच्छ ऐकू आलं. तीळ मोजून टाकल्यात का काय ह्या बाईनं? सात मार्क. उरलेलं मी सकाळी चहाबरोबर खाल्लं. फोनवर लिहिलं, "आम्हा दोघांना धपाटे आवडले. तीळ वाढवावेत." साडेतीन स्टार काही त्या फोनवर देता येईनात, म्हणून चार दिले.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. मला बघताच ती बाई म्हणाली, "काकींना कसं लागलं?"

मी सांगितलं, "तीळ कमी पडले म्हणाली."

"खरं हाय त्यांचं," ती म्हणाली. "माज्या आईचं बी हेच म्हणणं असायचं." आणि त्या दिवशीच्या धपाट्यात तीळ होते, चांगले हाताला लागण्याइतके.

मला फार बरं वाटलं. खोटं बोलून इतकं बरं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. अख्ख्या सांगलीत, अख्ख्या जगात ती एक जागा अशी सापडली की जिथं माझी बायको अजून वर्तमानकाळात होती. कॉलनीत तिचं नाव निघालं की सगळे होती, असायची, करायची असं बोलत. इथं मात्र ती म्हणाली, तिला आवडलं, तिला जरा तिखट लागलं असं मी बोलायचो आणि समोरचं माणूस ते ऐकून घ्यायचं. नुसतं ऐकून घ्यायचं नाही, त्याप्रमाणं वागायचं. खर्ड्यातला लसूण नीट भाजला जाऊ लागला तो माझ्या बायकोच्या सांगण्यावरून. दही आदल्या रात्री विरजायचं ठरलं तेही तिच्याच सांगण्यावरून.

मी दुसरेही गाडे तपासत होतो. साताऱ्याला गेलो की पोवई नाक्यावरचे दोन-तीन धरून यायचो. एकानं भाकरीवर चीज घातलं होतं, त्याला मी एक तारा दिला आणि लिहिलं, "भाकरीचा गुन्हा काय?" त्यावर पोराटोरांनी खाली पुष्कळ हसण्याची चित्रं टाकली. पण हे सगळं वेळ काढणं होतं. खरं जाणं होतं ते धपाट्यांकडं. ती बाई आटपाडीकडची, दुष्काळी मुलखातली, बोलायला सडेतोड. घरची पूर्वी मेंढरं राखायची, आता थोडी डाळिंबं होती म्हणे. नवऱ्याचा विषय निघाला तर "मालक गाडीवर असत्यात, लांबच्या फेऱ्या" एवढंच सांगायची. मी जास्त विचारलं नाही. परक्या बाईकडं तिच्या नवऱ्याबद्दल चौकशा करणं आमच्याकडं बरं दिसत नाही.

एकदा गौरीच्या सणाला तिनं पार्सलात शेंगदाण्याची पोळी जादा घातली. "काकींना सांगा, माज्याकडनं हाय. आन् त्यांस्नी एकदा घिऊन या की. बसायला खुर्ची ठेवते."

"ती बाहेर खात नाही," मी म्हणालो. हे तरी खरं होतं.

"मग मीच येते कवातरी."

मी हसून विषय टाळला आणि पार्सल घेऊन घरी आलो. ती पोळी मी ताटात ठेवली आणि किती तरी वेळ नुसता बघत बसलो. मार्क द्यायचं सुचलं नाही.

आणि गणपती गेल्यावर पितृपंधरवडा लागला. त्यातल्या नवमीला अविधवा नवमी म्हणतात. जी बाई नवऱ्याच्या आधी जाते तिच्या नावानं त्या दिवशी एक सवाष्ण, म्हणजे नवरा हयात असलेली बाई, घरी जेवायला बोलवायची, पाटावर बसवून तिची ओटी भरायची, आणि आपल्या माणसाची आठवण तिच्या मुखी घालायची. नवरा जिवंत आहे तोवरच ही नवमी करतात. म्हणजे मी आहे तोवरच माझ्या बायकोला हे ताट. मी गेलो की ते बंद.

पहिल्या वर्षी कुंडलला भावजयीनं सगळं केलं होतं. या वर्षी ती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडं पुण्याला. म्हटलं, आपण इथंच करू. जिथं बायको ओट्याला टेकून खायची तिथंच. स्वयंपाकाची मला भीती नाही, लंगरात आचाऱ्यांच्या मागं उभं राहून अर्धं आयुष्य गेलंय. प्रश्न सवाष्णीचा होता.

शेजारणीला विचारलं. त्या फार चांगल्या आहेत, पण म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. पित्राचं जेवण आमच्यात बाहेर चालत नाही." पलीकडच्या घरी त्याच दिवशी त्यांच्याच सासूची नवमी. तिसऱ्या घरातली सून नोकरीला, ती म्हणाली डबा द्या, मी ऑफिसात खाईन. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "पप्पा, एखाद्या आश्रमात पैसे पाठवूया का? मी इथून लगेच करते." मी म्हणालो, "तुझ्या आईला पैसे पाठवायचे नाहीत, जेवायला घालायचंय." ती रडायला लागली. मग मलाच तिची समजूत काढावी लागली.

राहता राहिली ती एकच सवाष्ण. माझ्या बायकोच्या जिभेचं ऐकणारी, तिच्यासाठी पोळी करून देणारी. तिच्याइतकं त्या पाटावर बसायला योग्य कुणीच नव्हतं. आणि तिला बोलवायचं म्हणजे सांगायला लागणार की ज्यांना तू रोज विचारतेस त्या काकी नाहीत. ती एक जागा होती, तीही जाणार. नाही सांगितलं तर नवमीचं ताट रिकामं. दोन दिवस मी घरात फेऱ्या घातल्या. एका बाजूला ती जिवंत होती, पण उपाशी. दुसऱ्या बाजूला जेवणार होती, पण मेलेली. असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या? सांगायचं माणूस तेच गेलेलं.

शेवटी नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना गेलो. ती कणकेत भोपळा किसत होती. मला बघून म्हणाली, "आज लवकर? काकींना भूक लागली व्हय?"

मी म्हणालो, "उद्या तुम्हाला आमच्या घरी जेवायला यायचंय. सवाष्ण म्हणून."

"कुणाची नवमी?"

"तिचीच," मी म्हणालो. "माझ्या बायकोची. ती गेल्याला दुसरं वर्ष चालू आहे."

तिचा किसणारा हात थांबला. मला वाटलं आता रागावेल. इतके महिने एका म्हाताऱ्यानं आपल्याला खेळवलं म्हणेल. निदान च्च् तरी करील. तिनं यातलं काही केलं नाही. हात धुतले, गॅस बारीक केला, इकडं तिकडं कुणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मेजरकाका, मी सवाष्ण न्हाई."

मी तिच्या गळ्याकडं बघितलं. तिनं ते बघितलं.

"हे धंद्याचं हाय," ती म्हणाली. "मालक जाऊन लय दिस झालं. डाळिंबाच्या बागंत औषध मारताना गेलं. गाड्यावर येकटी बाई उभी हाय म्हटलं की मानसं येगळीच भूक घिऊन येत्यात. कुंकू दिसलं की नीट बोलत्यात. आन् मालक फेरीवर हायती म्हटलं की मलाबी जरा धीर येतोय. खोटं का असंना."

मी तर त्याच धंद्यातला.

मी म्हणालो, "तरी या."

"न्हाई जमायचं. मी कशी बसू त्या पाटावर? तुमी भलं मानूस, तुमी बोलवताय. पन ताट तुमचं न्हाई, काकींचं हाय. त्यांस्नी चालंल का?" मग मडक्यातलं पाणी मला देत म्हणाली, "काकींना इचारा. त्या व्हय म्हणाल्या तर येते."

मी घरी आलो. येताना तिनं पार्सल दिलं होतं, ते ताटात काढलं आणि समोर बसलो. आणि विचारलं. मोठ्यानं विचारलं, घरात होतंच कोण ऐकायला. एक विधवा बाई तुझ्या नावानं सवाष्णीच्या पाटावर बसली तर चालेल का तुला?

मी वाट बघितली. धपाट्याचं विचारलं असतं तर घास तोंडात जायच्या आधी उत्तर आलं असतं. तीळ, तेल, लसूण, खारट, अळणी, यातलं काहीही विचारा, मी तिच्या आवाजात सांगू शकलो असतो. पण हे? माझी आई विधवा होती, माझ्या बायकोनं तिला शेवटपर्यंत सांभाळलं. सणाला तिला पुढं बसवायची का मागं? तिला हळदीकुंकवाच्या वेळी आतल्या खोलीत पाठवायची का हाताला धरून बाहेर आणायची? मला माहीत नव्हतं. सगळे सण मी सीमेवर साजरे केले होते. तिला काय बरोबर वाटतं, काय चूक वाटतं, कशाची चीड येते, कशाला ती हसते, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी तिची जीभ ओळखत होतो. बाई ओळखत नव्हतो.

उत्तर आलं नाही. अंधार पडला, मी दिवा लावला, धपाटं वाळून गेलं. ती गेली त्या दिवशी मी रडलो नव्हतो, पाहुणे होते, व्यवस्था बघायची होती. त्या संध्याकाळी रडलो. इतके महिने तिच्या नावानं मीच बोलत होतो. ती केव्हाच गप्प झाली होती.

नवमीला पहाटे उठून स्वयंपाक केला. गव्हाची खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, आमटी, भात. पाट मांडला, पान वाढायची तयारी करून ठेवली आणि कपडे करून रस्त्यावर गेलो. ती नुकताच ट्रेलर उघडत होती.

"काय म्हणाल्या काकी?" तिनं विचारलं.

"हो म्हणाली" असं म्हणायला मला काय अवघड होतं? इतके महिने तेच तर करत होतो. तीही लगेच आली असती. पण जीभ वळली नाही.

"काही म्हणाली नाही," मी म्हणालो. "ती आता काही म्हणत नाही. मीच म्हणतोय. चला."

मग तिनं खिडकीची फळी पुन्हा खाली ओढली, आतून कडी घातली आणि मागच्या दारानं बाहेर आली. बाहेर आली तेव्हा कपाळ पुसलेलं होतं, हातात बांगड्या नव्हत्या आणि गळा मोकळा होता. एकदम दहा वर्षांनी मोठी दिसली.

"त्यांच्या ताटावर खोटं घालून नगं बसायला," ती म्हणाली.

आम्ही चालत घरी आलो. ती पाटावर बसली, भिंतीकडं तोंड न करता. ओटी भरायला मात्र तिनं नको म्हटलं, मीही आग्रह केला नाही. नारळ आणि खण तिच्या पिशवीत तसेच ठेवले. ती नीट, सावकाश, पोटभर जेवली. मी वाढत होतो. मध्ये तिनं विचारलं, काकींचं गाव कुठलं, दिसायला कशा होत्या, पोरीवर रागवायच्या का. मी सांगता येईल तेवढं सांगितलं. बरंचसं सांगता आलं नाही. जाताना तिनं ओट्यावरून एकदा हात फिरवला आणि देवाला करावा तसा नमस्कार केला.

त्यालाही आता काही महिने झाले. मी अजून जातो. दुसऱ्या दिवसापासून तिच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र आहे, कपाळाला कुंकू आहे, आणि कुणी विचारलं तर मालक फेरीवर आहेत. ते तिला ठेवायलाच लागतं. माझं तसं काही नाही. मला बघितलं की ती एकच धपाटं तव्यावर टाकते आणि बसायला खुर्ची सरकवते. फार मायेनं करते, त्यात कमी काढायला जागा नाही.

खाऊन झालं, हात धुतले, तरी मी लगेच उठत नाही. ती विचारेल असं वाटत राहतं. काकींना कसं लागलं म्हणून. आता ती कशाला विचारेल? तरी मी थोडा वेळ बसतो.